सांध्याचा भाव आणि रुग्णाचा खर्च

धाराशिव जिल्ह्यात गुडघ्याचं दुखणं बहुधा अंगावरच काढलं जातं. सोयाबीनची खुरपणी उकिडवं बसून होते, हरभरा उपटायचा तर वाकूनच, आणि घरी आल्यावर चूलही जमिनीवर. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या डोक्यावर मोळ्यांचं ओझं असतं ते वेगळंच. साठी येईपर्यंत दोन्ही पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेले दिसतात आणि चाल डुलत डुलत होते. मग तेल होतं, लेप होतो, मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं चालतात, कधी गुडघ्यात इंजेक्शनही होतं. शेवटी कोणीतरी म्हणतं, सोलापूरला दाखवून या. तिथं एक्स-रे निघतो, वंगण संपलंय, हाडाला हाड घासतंय असं डॉक्टर सांगतात, आणि सांधा बदलण्याचा सल्ला घेऊन माणसं परत एसटीत बसतात. घरी पोचेपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: किती लागतील?

या प्रश्नाला शेजारीपाजारी तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात. एकाच्या आईचा गुडघा एक रुपया न भरता झालेला असतो, दुसऱ्याला दीड-दोन लाख लागलेले असतात, तिसऱ्यानं पुण्यात दोन्ही गुडघ्यांसाठी शेताचा तुकडा विकलेला असतो. शस्त्रक्रिया तीच, आत बसवलेला धातू जवळपास तोच. तरी हिशेबात एवढी तफावत का पडते, ते या प्रकरणात पाहायचं आहे. मला वाटतं, आपल्या भागातल्या माणसाला गुडघा कसा बदलतात याच्याइतकीच या माहितीची गरज आहे. कारण खर्चातला मोठा भाग ऑपरेशनच्या टेबलावर ठरतच नाही. तो त्याआधी, घरी आणि दवाखान्याच्या काउंटरवर ठरून गेलेला असतो.

धातूचा भाव

आधी सांध्याबद्दलच बोलू. कृत्रिम गुडघ्याचे साधारण चार भाग असतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर बसणारं धातूचं कवच, नडगीच्या हाडावर बसणारी तबकडी, या दोहोंच्या मधली प्लास्टिकची चकती आणि वाटीच्या मागच्या बाजूला लावायची छोटी चकती. कवच बहुधा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचं असतं. प्लास्टिक म्हणजे अतिशय दाट, चिवट असं पॉलिथिलिन. बहुतेक रुग्णांमध्ये हे भाग हाडाला हाडांच्या सिमेंटनं चिकटवतात.

सांध्यात हे पॉलिथिलिन आणि सिमेंट आणणारा माणूस म्हणजे इंग्लंडमधले डॉक्टर जॉन चार्नली. ते खुब्यावर काम करत होते. आधी त्यांनी खुब्याच्या खोबणीसाठी टेफ्लॉन वापरून पाहिलं. ते काही वर्षांत झिजलं, झिजलेल्या कणांनी आजूबाजूला सूज धरली आणि शेकडो रुग्णांचे सांधे पुन्हा उघडावे लागले. १९६२ साली त्यांनी पॉलिथिलिन वापरलं आणि ते टिकलं. सिमेंटची कल्पना तर दातांच्या कामात वापरल्या जाणाऱ्या अॅक्रिलिकवरून आली. हा इतिहास खर्चाच्या प्रकरणात सांगण्याचं कारण असं, की सांध्याची खरी किंमत तो किती वर्षं चालतो यावर अवलंबून असते आणि तो चालणं बरंचसं त्या प्लास्टिकच्या झिजेवर असतं. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांच्या नोंदींचा अभ्यास आला. त्यानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात. खुब्याच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ५८ टक्के निघालं. म्हणजे पासष्टीला गुडघा बदललेल्या आजीला तो बहुतेक जन्मभर पुरेल. पंचेचाळिशीत बदलला, तर पुन्हा एकदा खर्च येण्याची शक्यता हिशेबात धरली पाहिजे.

२०१७ पर्यंत या धातूच्या भावाला धरबंध नव्हता. कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची छापील किंमत सरासरी १,५८,३२४ रुपये होती. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम अशा खास धातूंच्या गुडघ्याची सरासरी २,४९,२५१ रुपये होती. आयातदार, वितरक आणि रुग्णालय या प्रत्येक हातात नफा चढत जाई आणि शेवटी छापील किमतीचा सगळा भार रुग्णावर येई. त्याच वर्षी फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर सरकारनं कमाल मर्यादा घातली होती. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणानं, म्हणजे एनपीपीएनं, तेच गुडघ्यांच्या बाबतीत केलं. कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली आणि खास धातूंची ७६,६०० रुपये. जास्त वाकणाऱ्या 'हाय फ्लेक्स' गुडघ्याची किंमत सरासरी १,८१,७२८ रुपयांवरून ५६,४९० वर आली. बसवलेला गुडघा काढून पुन्हा बसवायचा असेल, तर त्याच्या सांध्याची किंमत २,७६,८६९ वरून १,१३,९५० रुपयांवर आली. जीएसटी यावर वेगळा.

या आदेशाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यानं गुडघ्याची किंमत सुट्या भागांनुसार फोडून दाखवली. ५४,७२० मध्ये मांडीच्या बाजूचं कवच २४,०९०, नडगीची तबकडी १६,९९०, मधली चकती ९,५५० आणि वाटीची चकती ४,०९० रुपये. वाटीच्या मागची चकती प्रत्येक रुग्णाला लावतातच असं नाही, तो सर्जनचा निर्णय असतो. लावली नसेल तर तिचे पैसे बिलात येता कामा नयेत. रुग्णालयानं बिलात सांध्याची किंमत, ब्रँड, कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवला पाहिजे, हेही त्या आदेशात आहे. या मर्यादेला नंतर वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली आणि आकड्यांत थोडे फेरफार झाले. म्हणून इथले आकडे २०१७ चे आहेत हे लक्षात ठेवावं आणि शस्त्रक्रियेच्या वेळी चालू भाव एनपीपीएच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा.

स्वस्त सांधा म्हणजे हलका सांधा, अशी एक धास्ती लोकांच्या मनात असते. परदेशी ब्रँडचं नाव काढलं की नातेवाईक म्हणतात, एकदाच करायचंय, चांगलंच बसवा. प्रेमापोटीच म्हणतात. पण बहुतेक वयस्कर रुग्णांसाठी साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यालाच सर्वांत जास्त वर्षांच्या अनुभवाचं पाठबळ आहे. ज्यांना निकेलसारख्या धातूची ॲलर्जी आहे अशा थोड्या रुग्णांसाठी खास धातूंचा विचार होतो. भारतीय सांधेही आहेत. पुण्याचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. के. एच. संचेती यांनी 'इंडस नी' हा गुडघा इथल्या माणसाची शरीररचना आणि खाली बसण्या-उठण्याची सवय लक्षात घेऊन विकसित केला. तेव्हा 'इम्पोर्टेड की देशी' असा प्रश्न आला, तर सर्जनला उलट विचारावं: माझ्या आईच्या हाडाला, वयाला आणि वजनाला तुम्ही कोणता बसवाल आणि तसे किती बसवलेत? ज्याच्या हातून वर्षाला भरपूर सांधे होतात अशा सर्जनकडे गुंतागुंती कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ब्रँडपेक्षा त्या हाताला मी जास्त महत्त्व देईन.

खुब्याला मात्र ही कमाल किंमत लागू नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि त्यांची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, एवढंच बंधन खुब्याच्या सांध्यावर आहे. सिमेंटचा की बिनसिमेंटचा, गोळा धातूचा की सिरॅमिकचा, यावर भाव बराच हलतो. पडून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला अनेकदा पूर्ण सांधा लागत नाही. फक्त गोळा बदलून काम भागतं आणि खर्च खूपच खाली येतो. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो कुजलेल्या तरुण रुग्णाला मात्र जास्त टिकणारा, म्हणजे महागडा सांधा सुचवला जातो. तिथं ते योग्यही असतं.

बिलाच्या बाकीच्या ओळी

सांध्याच्या किमतीला कुलूप लागलं, तरी बिल मोकळंच राहिलं. शस्त्रक्रियागृहाचं भाडं, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, खाटेचं भाडं, औषधं, हातमोजे आणि ड्रेप यांसारखं साहित्य, तपासण्या, फिजिओथेरपी यांपैकी बहुतेक गोष्टींना खासगी रुग्णालयात सरकारी मर्यादा नाही. म्हणून 'पॅकेज' हा शब्द ऐकला की त्याच्या आत काय आहे ते लिहून मागावं. सांध्याचा ब्रँड आणि प्रकार, किती दिवसांचा मुक्काम, फिजिओथेरपी किती वेळा, रक्त लागलं तर ते आत की बाहेर, अतिदक्षता विभागाची वेळ आली तर काय. हे कागदावर आलं की दोन रुग्णालयांची तुलना करता येते. तोंडी आकड्यांची तुलना करून काहीच कळत नाही.

खाटेचा वर्ग ही या बिलातली सर्वांत फसवी ओळ आहे. खासगी खोली घेतली की फक्त खोलीचं भाडं वाढतं असं माणसं समजतात. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या रुग्णालयांत सर्जनची फी, शस्त्रक्रियागृहाचं भाडं आणि तपासण्यांचे दरसुद्धा खोलीच्या वर्गानुसार चढतात. त्यातच दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, अतिदक्षता विभाग सोडून. शस्त्रक्रिया तोच सर्जन, तिथंच करतो. तरी बिलाचा आकडा वेगळा निघतो.

रोबोट ही नवी ओळ आहे. हाडाचे काप अचूक घेण्यात यंत्राची मदत होते, यात शंका नाही. पण त्या यंत्राची किंमत कोटींत असते आणि ती प्रत्येक रुग्णाच्या बिलातून वसूल व्हावी लागते. रोबोटनं केलेला गुडघा रुग्णाला दहा-पंधरा वर्षांनी जास्त चांगला चालतो, असा ठाम पुरावा अजून समोर आलेला नाही. कर्ज काढून ऑपरेशन करणाऱ्या घरानं रोबोटसाठी वेगळं कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करावेत का, हाही पैशाचा प्रश्न होऊन बसतो. भूल एकदाच, मुक्काम एकच, सुनेची किंवा मुलाची रजा एकदाच. त्यामुळे एकूण खर्च दोन वेगळ्या ऑपरेशनांपेक्षा कमी येतो. सांध्यांची किंमत मात्र दुप्पटच धरावी लागते. २०१७ च्या भावानं कोबाल्ट-क्रोमियमचे दोन गुडघे ५ टक्के जीएसटी धरून १,१४,९१२ रुपयांचे. पण हृदयविकार असलेल्या किंवा वय फार झालेल्या माणसाच्या शरीरावर एकाच दिवशी दुहेरी भार येतो. इथं फिजिशियनचा शब्द शेवटचा मानावा, पैसे वाचवण्यासाठी तो ओलांडू नये.

आणखी एक ओळ बिलावर कधीच छापली जात नाही. रुग्ण पाठवणाऱ्याला मिळणारा 'कट'. महाराष्ट्र सरकारनं २०१७ साली निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार करून घेतला. तो कायदा झाला नाही. ओळखीचा माणूस एका विशिष्ट रुग्णालयाचा फार आग्रह धरू लागला आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला नको म्हणू लागला, तर सावध व्हावं. दुसरं मत घेण्याचा खर्च म्हणजे एक केसपेपर आणि एक फेरी. एक्स-रे तोच चालतो. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ते लावलेले नसतील तर मागावेत. तो रुग्णाचा हक्क आहे.

कार्ड आणि आरोग्यमित्र

खर्च शून्यावर आणू शकणारी गोष्ट म्हणजे सरकारी योजना, आणि धाराशिवकरांसाठी तिचा इतिहास थोडा वेगळा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा सोलापूर त्यात होता, उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेली कुटुंबं तिच्यात आली. ज्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शुभ्र कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्यावर लाभ मिळाला, त्यांत मराठवाड्याचे आठही जिल्हे होते, धाराशिव धरून. गुडघा आणि खुबा प्रत्यारोपणाचाही पुढे योजनेच्या यादीत समावेश झाला. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं योजना राज्यातल्या सर्वच कुटुंबांसाठी खुली झाली. विमा संरक्षण दीड लाखांवरून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख झालं, उपचारांची यादी १,३५६ वर गेली आणि १ जुलै २०२४ पासून ते अमलात आलं.

म्हणजे आज कार्डाचा रंग अडवत नाही. अडतं ते दुसरीकडे. एक तर प्रत्येक रुग्णालय योजनेत नसतं, आणि योजनेत असलेलं प्रत्येक रुग्णालय सांधे बदलतंच असं नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. शिवाय योजनेनं ठरवलेला दर आपल्याला परवडत नाही असं वाटणारी खासगी रुग्णालयं या शस्त्रक्रियेपासून लांब राहतात. म्हणून गाडी करून निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या विनामूल्य क्रमांकावर फोन करावा आणि गुडघा किंवा खुबा बदलण्याची सोय जवळ कुठल्या रुग्णालयात आहे ते विचारावं. रुग्णालयात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला भेटावं, मग बाकीच्या खिडक्या. आधी पैसे भरून दाखल झालात आणि मागून योजनेत बसवा म्हणालात, तर फार त्रास होतो. शस्त्रक्रियेला योजनेकडून पूर्वमंजुरी लागते. म्हणून तातडीचं नसलेलं हे काम नीट कागद जमवून करावं: रेशनकार्ड, आधार, एक्स-रे, डॉक्टरांचा सल्ला.

योजनेत मंजूर झालेल्या रुग्णाकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. त्यात सांधा, औषधं, भूल, खाट, रुग्णाचं जेवण हे सगळं धरलेलं असतं. घरी परतण्यासाठी रुग्णाचं एकवेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही या योजनेत धरलेलं होतं. ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. 'सांधा योजनेतला हलका आहे, जरा वरचे भरा आणि चांगला घ्या' असं कोणी म्हणालं, तर त्याच फोन क्रमांकावर तक्रार करावी.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वेगळं वय वंदना कार्ड आलं. उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत. सांधा बदलायची वेळ बहुधा याच वयाच्या आसपास येते, म्हणून हे कार्ड आजी-आजोबांचा गुडघा दुखू लागण्याची वाट न पाहता काढून ठेवावं.

जायचं कुठं? धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२२-२३ या वर्षी १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशानं ते सुरू झालं आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडलेलं आहे. सोलापूर साधारण सत्तर किलोमीटरवर. तिथं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे, ज्याला सगळे 'सिव्हिल'च म्हणतात. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. कळंबकडच्या लोकांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. सरकारी रुग्णालयात प्रतीक्षा लांबू शकते आणि तारीख पुढे ढकलली जाऊ शकते. पण ज्यांना ही वाट पाहता येईल त्यांनी ती आधी पाहावी. तिथंच वाचलेले दीड-दोन लाख पुढच्या खरिपाला उपयोगी पडतात.

धर्मादाय खाटा, निधी, विमा

योजनेत काम होत नसेल तर पुण्या-मुंबईच्या, आणि काही प्रमाणात सोलापूरच्या धर्मादाय रुग्णालयांचा विचार करावा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी लागते. उत्पन्नाची मर्यादा वाढवून निर्धनांसाठी वर्षाला १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये केलेली आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला इथं सोन्यासारखा उपयोगी पडतो. तो काढायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितल्याच्या आठवड्यातच अर्ज करावा.

मुख्यमंत्री सहायता निधीच्या आजारांच्या यादीतही गुडघा आणि खुबा दोन्ही आहेत. पैसे रुग्णाच्या हातात येत नाहीत, रुग्णालयाच्या खात्यात जातात. खासगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही लागते. आधी बिल भरून नंतर भरपाई मागितली तर ती मिळत नाही, ही अट अनेकांना उशिरा कळते.

खासगी विमा असलेल्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. झिजेमुळे सांधा बदलण्यासाठी बहुतेक पॉलिसींमध्ये प्रतीक्षा काळ असतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. अपघातानं सांधा बदलावा लागला तर ही वाट पाहावी लागत नाही. दुसरी गोष्ट खोलीच्या भाड्याची. पॉलिसीत दिवसाला ३,००० रुपयांची मर्यादा असताना तुम्ही ६,००० ची खोली घेतली, तर कंपनी फक्त भाडंच अर्धं देत नाही. सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह हे खर्चही त्याच प्रमाणात कापते. सांधा, औषधं आणि तपासण्या यांच्यावर मात्र ही प्रमाणशीर कपात करता येत नाही. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर वाद घालण्यापेक्षा दाखल होतानाच मर्यादेतली खोली मागणं सोपं.

उशिराची किंमत

आता पुन्हा त्या अंगावर काढलेल्या दुखण्याकडे येतो, कारण खर्च वाढवणारं सर्वांत मोठं कारण तिथं आहे. वेदना सहन करण्याला आपल्याकडे मोठेपणा दिला जातो. गुडघा जसजसा वाकडा होत जातो, तसतसं एका बाजूचं हाड झिजून खड्डा पडतो. साध्या सांध्यानं भागत नाही. खड्डा भरायला धातूचे तुकडे आणि हाडाच्या आत जाणारी दांडी लागते. शस्त्रक्रिया लांबते, रक्त जास्त जातं, मुक्काम वाढतो. वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडं थकलेली असतील, तर भूल देण्यापूर्वीच तपासण्यांचा आणि उपचारांचा वेगळा खर्च येतो. चालणं थांबल्यानं वजन आणि साखर वाढलेली असते.

साखर ही इथं सर्वांत जास्त पैसे खाणारी गोष्ट ठरू शकते. मधुमेह ताब्यात नसताना सांधा बसवला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बसवलेल्या सांध्यात खोलवर संसर्ग झाला, तर अनेकदा तो काढावा लागतो. तिथं काही आठवडे प्रतिजैविक मिसळलेलं सिमेंट ठेवतात, मग पुन्हा शस्त्रक्रिया करून १,१३,९५० च्या वर्गातला सांधा बसवतात. तीन-चार महिने माणूस खाटेवर आणि घर कर्जात. त्यामुळे डॉक्टर 'आधी शुगर खाली आणा, दातांची कीड काढा, मग तारीख देतो' म्हणाले, तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नये. रुग्णाच्या भल्याचाच तो सल्ला असतो.

घरचा खर्च कोणत्याच योजनेत बसत नाही. सोबतीला एक माणूस लागतो आणि त्याची मजुरी बुडते. पुण्याला गेलं तर त्याचं राहणं-जेवण, तपासणीला दोन-तीन फेऱ्या. म्हणून सोलापूर, बार्शी किंवा लातूरला होण्यासारखं काम केवळ नावासाठी पुण्याला नेऊ नये. घरी आल्यावर वॉकर लागतो, उंच पलंग लागतो, आणि शौचालयात खुर्चीसारखा कमोड बसवावा लागतो, कारण नव्या गुडघ्यावर उकिडवं बसणं बहुतेकांना जमत नाही आणि बहुतेक सर्जन ते नकोच म्हणतात. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट गावात येत नाही. पहिल्या सहा आठवड्यांत व्यायाम झाला नाही तर गुडघा आखडतो आणि सगळा खर्च पाण्यात जातो. रुग्णालयात असतानाच फिजिओथेरपिस्टकडून सुनेला किंवा नातवाला व्यायाम शिकवून घ्यावा आणि मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करावं. खुरपणीचं काम मात्र गुडघा बदललेल्या बाईचं कायमचं सुटतं. घरातल्या उत्पन्नातून तिची मजुरी वजा होते, हेही ऑपरेशनआधी बसून बोलावं. बहुतेक घरांत ती दुखण्यामुळे आधीच वजा झालेली असते. चालणं परत मिळाल्यावर तीच बाई बसून होणारी, खुर्चीवरची कामं पुन्हा करू लागते.

शेवटी एका कागदाबद्दल. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या पेटीवर स्टिकर असतो: कंपनी, मॉडेल, माप, बॅच. शस्त्रक्रियेनंतर ते स्टिकर रुग्णाच्या नोंदीत चिकटवतात. डिस्चार्जच्या फाईलमध्ये ते आहेत का ते पाहावं, नसतील तर मागून घ्यावेत. त्यावरून बिलातला सांधा आणि शरीरातला सांधा एकच आहे ना, हे ताडता येतं. पुढे पंधरा-वीस वर्षांनी मधली प्लास्टिकची चकती तेवढी झिजली आणि धातू हाडाला घट्ट असला, तर काही रुग्णांमध्ये फक्त ती चकती बदलून भागतं. २०१७ च्या भावानं ती ९,५५० रुपयांची आहे, आणि सगळा सांधा पुन्हा बसवायचा तर १,१३,९५० चा. पण चकती त्याच कंपनीच्या त्याच मापाची लागते, आणि ते माप तेव्हाच्या सर्जनला या फाईलमधूनच सर्वांत खात्रीनं कळेल. ती फाईल सातबाऱ्यासोबत ठेवावी.